द्राक्षावरची भुकटी औषधाची नव्हे

फेब्रुवारीत नाशिकची द्राक्षं घरी आली, की मण्यावर बोट फिरवून कुणीतरी म्हणतंच, ‘बघा, किती औषध मारलंय!’ बोटाला लागलेली ती पांढुरकी भुकटी वेलीनं स्वतः तयार केलेलं मेण असतं. त्यात मोठा वाटा ओलिॲनोलिक आम्लाचा, आणि हे आम्ल टर्पेनॉइड कुळातलं. पाच-पाच कार्बन अणूंचे तुकडे जोडत वनस्पती हे कूळ वाढवतात. दोन तुकडे जोडून मस्कॅट द्राक्षांचा गुलाबासारखा वास, सहा जोडून मण्यावरचं मेण, आठ जोडून पिंपळगावच्या टोमॅटोचा लाल रंग. मेणामुळे मण्यातलं पाणी टिकतं. म्हणून तोडणीवाले घड देठाला धरून उचलतात. मेण पुसलेला माल निर्यातदाराला चालत नाही.

अर्थात, मेण दिसलं म्हणजे फवारणी झालीच नाही, असंही नाही. फवारणीचे अंश सहसा डोळ्यांना दिसत नाहीत, प्रयोगशाळेत कळतात. द्राक्षं धुऊनच खावीत.

दुसरा आरोप ‘जीए’वर: म्हणे हार्मोनचं इंजेक्शन देऊन मणी फुगवतात. इंजेक्शन कुणी देत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर घड आले, की जीएचं पाणी फवारतात किंवा घड त्यात बुडवतात. जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल. तेही टर्पेनॉइडच, चार तुकड्यांच्या सांगाड्यातून घडलेलं. ते वनस्पतींचं संप्रेरक आहे, माणसाचं नव्हे. बियांच्या द्राक्षात हे जिबरेलिन बी पुरवते. थॉमसन या बिनबियांच्या जातीत बी कोवळेपणीच खुंटते, मणी लहान राहतो, म्हणून बागायतदार ते वरून देतो. जिबरेलिनचा माग भातातून लागला: रोपं भलतीच उंच वाढतात, हा एका बुरशीच्या स्रावाचा प्रताप आहे, हे जपानी शास्त्रज्ञ एइची कुरोसावा यांनी 1926 मध्ये दाखवलं. कारखान्यात आजही जीए त्या बुरशीपासूनच काढतात.

गंमत म्हणजे 2010 मध्ये युरोपात आपली द्राक्षं अडकली, ती जीएमुळे नव्हे, ‘सीसीसी’मुळे, म्हणजे क्लोरमेक्वाटच्या अंशांमुळे. शेंड्याची वाढ रोखायला बागेत वापरलं जाणारं हे रसायन करतं काय, तर वेलीला स्वतःचं जिबरेलिन बनवूच देत नाही. निर्यातीच्या तपासणीत मग त्याचीही भर पडली.