खड्डा त्यांच्या जागेत, पाणी मात्र शेजारच्या पाणथळीचं



किनाऱ्यावर लहानपणी सगळ्यांनीच वाळूत खड्डा केलाय. हातभर खणलं की तळाला पाणी दिसतं. ओंजळीने काढलं की पुन्हा भरतं. हे पाणी येतं कुठून? आजूबाजूच्या वाळूतून. तुम्ही उपसत राहिलात तर खड्ड्याभोवतीची ओली वाळू हळूहळू कोरडी होत जाते. खड्डा तुमचा, पण पाणी शेजारचं.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडते तेव्हा काय होतं, ते सांगणारी एक जुनी गोष्ट आज तुमच्यासमोर ठेवतोय. गोष्ट अमेरिकेतली आहे, पण वाचताना आपली खाजणं, आपल्या विहिरी डोळ्यांसमोर येतील.

अमेरिकेत शिकागोजवळ मिशिगन सरोवराच्या दक्षिण काठावर वाळूच्या टेकड्या आहेत. नाव इंडियाना ड्यून्स. टेकड्यांच्या मधल्या सखल भागात तळी आणि दलदल. त्यातली सगळ्यात नावाजलेली पाणथळ म्हणजे काउल्स बॉग. हेन्री काउल्स नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने या वाळूवरच्या झाडाझुडपांचा अभ्यास १८९९ मध्ये छापला, त्याच्यावरून हे नाव पडलं. १९६५ साली या दलदलीला राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा म्हणून मान्यता मिळाली आणि १९६६ साली हा किनारा सरकारने संरक्षित केला.

पण या संरक्षित जागेला अगदी खेटून निप्स्को या वीज कंपनीचं बेली वीज केंद्र होतं. तिथे कोळसा जाळून वीज तयार व्हायची. कोळशाची राख पाण्यात मिसळून मोठ्या तलावांत सोडायची, राख खाली बसायची. तलाव वाळूत खणलेले आणि तळाला अस्तर नाही. मग पाणी झिरपणारच. ते झिरपलं थेट शेजारच्या पाणथळीच्या दिशेने.

त्याच आवारात कंपनीला अणुवीज केंद्र उभारायचं होतं. १९७४ साली बांधकामाचा परवाना मिळाला. अणुभट्टीचा पाया खोल असतो आणि वाळूत खोल खणलं की पाणी लागतं. पाया कोरडा ठेवायचा तर पंप लावून रात्रंदिवस उपसा करावा लागतो. म्हणजे आपला वाळूतला खड्डाच, फक्त प्रचंड मोठा.

लोक गप्प बसले नाहीत. कोर्टात सगळ्यात पुढे कोण होतं माहीत आहे? आयझॅक वॉल्टन लीग या संघटनेची स्थानिक शाखा. ही संघटना १९२२ साली शिकागोत गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांनी सुरू केली. नदी, तळी आणि दलदल राहिली नाही तर मासा राहणार नाही, एवढं साधं गणित त्यांना कळत होतं. पुढे शेजारच्या पोलाद कारखान्यातले कामगारही विरोधात उतरले. अपघात झाला तर भट्ट्या सोडून आम्ही पळायचं कसं, हा त्यांचा प्रश्न होता.

१९७५ साली खालच्या कोर्टाने परवाना रद्द केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. काम पुन्हा सुरू झालं, खड्डा खणला गेला, उपसा झाला. मग पायाचे खांब किती खोल न्यायचे यावरून वाद पेटला आणि काम अडकलं. खर्चाचा अंदाज अनेक पटींनी वाढत गेला. शेवटी ऑगस्ट १९८१ मध्ये कंपनीने प्रकल्प सोडून दिला. अणुभट्टी उभी राहिलीच नाही.

मग पाणथळ वाचली का? इथेच खरी शिकण्यासारखी गोष्ट आहे.

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने त्या भागातल्या निरीक्षण विहिरींची पातळी मोजली आणि १९७९ साली अहवाल दिला. त्यांच्यासमोर दोन उलट गोष्टी होत्या. खड्ड्यातला उपसा भूजल खाली ओढत होता, तर राखेच्या तलावांची गळती तेच भूजल वर उचलत होती. नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्याला यातलं काहीच कळलं नसतं. विहिरी मोजल्या म्हणून कोणाचा परिणाम किती, हे वेगळं काढता आलं.

आपल्याला वाटेल, पाणी वाढलं तर बरंच झालं की! पण पाणथळ म्हणजे कायम भरलेली टाकी नव्हे. तिचं पाणी ऋतूप्रमाणे चढतं आणि उतरतं, तिथली झाडं आणि जीव त्या चढउताराला सरावलेले असतात. काउल्स बॉगमध्ये पूर्वी लव्हाळ्याची मोकळी कुरणं होती. गळतीमुळे पाणी उंच आणि एकाच पातळीला थांबून राहिलं, तसं पाणकणसाने ती कुरणं गिळायला सुरुवात केली. हा संबंध शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये छापलेल्या अभ्यासात मांडला. शिवाय राखेतून झिरपणाऱ्या पाण्याबरोबर सल्फेट आणि बोरॉनसारखी द्रव्यंही आली. १९८० च्या सुमारास तलावांना अस्तर घालून गळती थांबवली. पण पाणकणीस आपोआप परत गेलं नाही. ते काढून मूळची झाडं पुन्हा लावण्याचं काम उद्यानवाल्यांना करावं लागलं. कोळशाचं केंद्र २०१८ मध्ये बंद झालं, २०१९ मध्ये त्या किनाऱ्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, पण राखेच्या तलावांनी केलेलं नुकसान निस्तरायला कित्येक वर्षं गेली.

म्हणजे भांडण झालं अणुभट्टीवर, ती आलीच नाही. आणि दलदल बदलली ती शेजारच्या साध्या, गळणाऱ्या राखेच्या तलावांमुळे. त्यांच्यासाठी मोर्चा निघेल असं त्यांच्यात दिसण्यासारखं काही नव्हतं.

आता आपल्याकडे पाहूया. मिशिगन सरोवराचं पाणी गोडं. तिथे भूजल खाली गेलं तरी खारं पाणी आत शिरण्याची भीती नव्हती. आपल्या किनाऱ्यावर ती आहे. जमिनीखाली गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगून असतं. ढोबळ हिशेब असा की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ फूट असेल, तर तिच्या आधाराने खाली सुमारे ४० फूट गोडं पाणी टिकतं. वरची पातळी १ फूट उतरली आणि तशीच राहिली, तर खालून खारं पाणी तेवढ्याच प्रमाणात, म्हणजे ४० फुटांच्या आसपास, वर चढू शकतं. विहीर एकदा मचूळ झाली की पुन्हा गोडी व्हायला किती पावसाळे लागतील, कोणी सांगू शकत नाही.

आणि हा प्रश्न फक्त पिण्याच्या पाण्याचा नाही. कोळंबी, शेवटं, काळुंदर यांची पिल्लं खाडीच्या कडेला, कांदळवनात आणि खाजणात वाढतात. तिथलं गोड्या-खाऱ्याचं प्रमाण बिघडलं की त्याचा फटका पुढे आपल्या जाळ्याला बसतो. बोट कितीही मोठी असली तरी.

म्हणून सभासदांना काही साध्या सूचना.

पहिलं, आपल्या वाड्यावरच्या दोन-तीन विहिरी ठरवा. मे अखेर आणि पावसाळा संपल्यावर, दोन्ही वेळा काठापासून पाण्यापर्यंत दोरीने माप घ्या, तारखेसह वहीत लिहा. साधं टीडीएस मीटर मिळालं तर खारटपणाही लिहा. ही नोंद प्रकल्प यायच्या आधीची हवी. नंतर मोजून "आधी असं नव्हतं" म्हटलं तर कोणी ऐकत नाही.

दुसरं, २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार मोठ्या वीज प्रकल्पाला जनसुनावणी लागते आणि तिची किमान ३० दिवस आधी जाहीर सूचना द्यावी लागते. त्या सुनावणीला जाऊन नुसतं "प्रकल्प नको" किंवा "हवा" म्हणून परत येऊ नका. विचारा: पायाचा खड्डा किती खोल? उपसा किती महिने? उपसलेलं पाणी कुठे सोडणार? खड्ड्याभोवती पाणी अडवणारी भिंत आहे का? राखेच्या तलावाला अस्तर कसलं? निरीक्षण विहिरी कुठे आणि त्यांचे आकडे गावाला कधी मिळणार? उत्तरं लेखी मागा. आपलं म्हणणं इतिवृत्तात आलं की नाही, ते तपासूनच उठा.

ज्यांनी पूर्वीपासून विहिरीची नोंद ठेवली आहे, त्यांनी कमेंटमध्ये जरूर कळवा. जुन्या वह्या टाकू नका.