विश्लेषण : नवं अॅप बसवलं, पण सहकाऱ्याचा पगार कोणाकोणाला दिसतोय?

ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये नवं अॅप बसवलं आणि ते सुरू झालं, की काम संपलं असं अनेकांना वाटतं. पण कोणाला काय दिसणार, हे तपासायचं राहूनच जातं. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीच्या 'ईआरपीनेक्स्ट'मधलं पगाराचं उदाहरण पाहू.

पगारासाठी वेगळं अॅप का?

हिशेब, साठा, खरेदी-विक्री सांभाळणारं हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. २०२२च्या १४व्या आवृत्तीत कर्मचारी आणि पगाराचा भाग त्यातून वेगळा काढला गेला. आता त्यासाठी 'फ्रॅपे एचआर' हे अॅप वेगळं बसवावं लागतं.

परवानग्या कोण ठरवतं?

अॅपसोबत तयार परवानग्याही येतात. त्या अॅप बनवणाऱ्याने ठरवलेल्या असतात. तुमच्या ऑफिसात कोण काय काम करतं, हे त्याला ठाऊक नसतं.

घोळ कुठे होतो?

इथे दोन कुलपं आहेत. कोणत्या प्रकारची नोंद उघडता येईल, हे 'रोल'वरून ठरतं. त्यातली कोणाची नोंद दिसेल, हे 'युजर परमिशन'वरून ठरतं. 'एम्प्लॉयी' या रोलला सॅलरी स्लिप वाचता येते. ती फक्त स्वतःचीच दिसावी, म्हणून कर्मचाऱ्याच्या नोंदीत 'क्रिएट युजर परमिशन'वर टिक हवी. ती राहिली, तर इतरांच्या स्लिपही उघड्या पडू शकतात.

हे लक्षात का येत नाही?

अॅप बसवणारा सहसा अॅडमिनच्या लॉगिननेच तपासणी करतो. अॅडमिनला सगळंच दिसतं. त्यामुळे चूक समोर येत नाही.

काय करावं?

साध्या कर्मचाऱ्याचं चाचणी खातं उघडा आणि त्यातून सॅलरी स्लिपची यादी पाहा. स्वतःच्या स्लिपखेरीज काही दिसलं, तर आधी ती टिक तपासा. मग 'रोल परमिशन्स मॅनेजर'मध्ये जाऊन पाहणं, बदलणं आणि एक्सपोर्ट करणं या परवानग्या एकेक करून पाहा. एखाद्या नोंदीच्या परवानग्या तुम्ही इथे बदलल्या, की अॅपच्या मूळ परवानग्या तिथे लागू राहत नाहीत. म्हणून प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर ही तपासणी पुन्हा करा.

इतकी काळजी कशासाठी?

पगार ही वैयक्तिक माहिती आहे. अशा माहितीच्या सुरक्षेत हयगय झाल्यास २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. चाचणी खात्याने तपासायला मात्र दहा-पंधरा मिनिटं पुरतात.