फ्रेड हॉईल : गोष्ट लिहिणारा खगोलशास्त्रज्ञ

(विज्ञानकथा या विषयावरील व्याख्यानमालेतल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आजचा विषय कळल्यावर एकांनी मला विचारलं, "फ्रेड हॉईल म्हणजे नारळीकरांचे गुरू ना? ते तर शास्त्रज्ञ. मग लेखकांच्या यादीत कसे?" आपल्याकडे हॉईल यांचं नाव पोचलं ते नारळीकरांमुळे, आणि तेही विश्वरचनेच्या संदर्भात. पण इंग्लंडमधल्या सामान्य वाचकाला ते कादंबरीकार म्हणूनही तितकेच माहीत होते. त्यांच्या नावावर डझनाहून जास्त विज्ञानकादंबऱ्या आहेत. आज त्या कादंबऱ्यांबद्दल बोलायचं आहे. आणि त्यातून एक प्रश्न येतो, त्याच्याबद्दलही: एखादी कल्पना गोष्टीत मांडणं आणि तीच कल्पना 'हे असंच आहे' म्हणून मांडणं, यात फरक काय?

सुरुवात त्यांच्या लहानपणापासून करू. जन्म १९१५ सालचा, यॉर्कशायरमधल्या बिंगलीजवळच्या गिल्स्टेड गावात. वडील लोकरीच्या व्यापारात, आई उत्तम पियानो वाजवणारी. हा मुलगा शाळा बुडवण्यात पटाईत. एक प्रसंग त्यांनी स्वतः सांगून ठेवला आहे. बाईंनी वर्गात सांगितलं, अमुक फुलाला पाच पाकळ्या असतात. या मुलाने सहा पाकळ्यांचं फूल शोधून आणून दाखवलं. बक्षीस म्हणून काय मिळालं? कानाखाली वाजली, ती इतक्या जोरात की पुढे त्या कानाने त्यांना कमी ऐकू यायला लागलं. हॉईल यांचा मुद्दा बघा: पाकळ्या कमी असत्या तर एखादी गळाली असेल म्हणता आलं असतं. पण जास्त कशी असेल? पुरावा हातात असताना अधिकारावरचा माणूस तो बघायलाच तयार नाही, हा राग त्यांच्या मनात कायम राहिला. त्यांच्या कादंबऱ्यांमध्ये तो पानोपानी भेटतो.

पुढे केंब्रिज. दुसऱ्या महायुद्धात नौदलासाठी रडारचं काम. तिथे हर्मन बाँडी आणि टॉमी गोल्ड हे दोघे भेटले, आणि १९४८ साली या तिघांकडून स्थिर स्थिती सिद्धांत आला. विश्व प्रसरण पावतंय हे मान्य, पण त्याला सुरुवात नाही. नवं द्रव्य सतत थोडं थोडं निर्माण होतं आणि विश्वाचं एकूण रूप तसंच राहतं. १९४९च्या मार्चमध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना विरोधी कल्पनेसाठी त्यांनी सहज 'बिग बँग' असा शब्द वापरला. ज्या सिद्धांताला त्यांनी जन्मभर विरोध केला त्याचं बारसंही त्यांनीच केलं! रेडिओवरच्या त्यांच्या भाषणांचं पुस्तक खूप खपलं. अवघड गोष्ट साध्या माणसाला सांगता येते, हे त्यांना तिथे कळलं.

आता त्यांचं सगळ्यात मोठं शास्त्रीय काम थोडक्यात सांगतो, कारण गोष्टीशी त्याचा संबंध आहे. ताऱ्यांच्या पोटात हीलियमपासून कार्बन तयार होतो. पण गणित केलं तर तो फारच कमी तयार व्हायला हवा. हॉईल यांनी उलटीकडून विचार केला. आपण आहोत. आपलं शरीर कार्बनचं आहे. म्हणजे विश्वात कार्बन भरपूर आहे. तर मग कार्बनच्या अणुकेंद्राला एका ठरावीक ऊर्जेची उत्तेजित पातळी असलीच पाहिजे, नाहीतर हे जमणारच नाही. १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये त्यांनी विली फाउलर यांच्या गटाला ती शोधायला सांगितलं. लोकांना ते जरा वेडगळच वाटलं. पण प्रयोग केला, आणि पातळी सापडली: सुमारे ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टला. शेवट माहीत आहे, तर आधी काय घडलं असेल? ही रीत रहस्यकथा लिहिणाऱ्याची. पण लक्षात घ्या, हॉईल यांचं म्हणणं खरं ठरलं ते प्रयोगशाळेत.

चार वर्षांनी, १९५७ मध्ये, त्यांची पहिली कादंबरी आली, 'द ब्लॅक क्लाउड', काळा ढग. त्याच वर्षी बर्बिज पती-पत्नी आणि फाउलर यांच्याबरोबरचा मूलद्रव्यांच्या निर्मितीवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंधही आला. एकाच वर्षात दोन्ही!

कथानक असं. पालोमारच्या वेधशाळेत एका तरुणाला आकाशाच्या फोटोत एक काळा डाग दिसतो. जुना फोटो शेजारी ठेवला तर डाग वाढलाय. तो आपल्याकडे येतोय का? आणि कधी पोचेल? इथे हॉईल वाचकाला चक्क गणित करून दाखवतात, तळटीप देऊन. गणित सोपं आहे. वस्तू सरळ आपल्याकडे, सारख्याच वेगाने येत असेल, तर तिचा दिसणारा आकार महिन्याला जितक्या टक्क्यांनी वाढतो त्यावरून पोचायचा काळ मिळतो. महिन्याला पाच टक्के वाढ, तर वीस महिने. ढग किती मोठा, किती दूर, किती वेगाने येतोय, यातलं काहीही माहीत असण्याची गरज नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवून कागदावर करून बघितलं होतं. भीती वाटते ती राक्षस आल्यामुळे नाही. भागाकाराचं उत्तर दीड-दोन वर्षं येतं, म्हणून.

ढग येतो. आधी भयंकर उष्णता, मग अंधार आणि गारठा. माणसं प्रचंड संख्येने मरतात. केंब्रिजचा किंग्जली नावाचा शास्त्रज्ञ आणि त्याचे सहकारी एका गावाकडच्या जुन्या वाड्यात बसून हे समजून घेऊ बघतात. किंग्जली उद्धट आहे, राजकारण्यांना तो मोजत नाही. सहा पाकळ्यांचं फूल घेऊन आलेला मुलगाच तो! मग एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. ही मंडळी ज्या तरंगलांबीवर रेडिओ संदेश पाठवतात, नेमका तिलाच वातावरणाच्या वरच्या थरात अडथळा येतो. लांबी बदलली की अडथळाही बदलतो. निष्कर्ष मान्य करायला जड जातो, पण दुसरा उरत नाही. ढगाला बुद्धी आहे.

माणूस आणि ढग बोलायला लागतात. ढगाला आश्चर्य वाटतं की ग्रहावर बुद्धिमान जीव असूच कसा शकतो. ग्रहावर गुरुत्वाकर्षण आकारावर मर्यादा घालतं, ऊर्जाही बेताचीच मिळते. आपण ज्याला जीवनाची एकमेव जागा समजत होतो ती त्याच्या दृष्टीने सगळ्यात गैरसोयीची. ढगाला बेथोव्हेनचा एक पियानो सोनाटा ऐकवतात, तर तो म्हणतो, पहिला भाग तीस टक्के जास्त वेगाने पुन्हा वाजवा. आणि पहिला ढग कसा जन्मला असं विचारल्यावर तो म्हणतो, पहिला असा कुणी होता हेच मला मान्य नाही. म्हणजे ढगसुद्धा स्थिर स्थितीवाला! हॉईल यांनी विरोधकांना काढलेला हा चिमटा.

दोष आहेत. पात्रं बरीचशी एका सुरात बोलतात, बायका अगदी थोड्या आणि जवळजवळ कडेला. पण एक प्रसंग विसरता येत नाही. निघून जाण्यापूर्वी ढग आपलं ज्ञान द्यायला तयार होतो. आधी एक सहकारी ते घ्यायला बसतो आणि मरतो, मग किंग्जली. त्याचाही मेंदू ते सहन करू शकत नाही. का? नवं ज्ञान जुन्या समजुतींशी इतकं विसंगत असतं की दोन्ही एका डोक्यात मावत नाहीत. नंतर वाड्यावरच्या डॉक्टरच्या मनात येतं की याच्याऐवजी आपला साधाभोळा माळी बसवला असता तर कदाचित तो वाचला असता. त्याच्या डोक्यात मोडायला फारसं काही नव्हतं. हा प्रसंग लक्षात ठेवा, आपण परत त्याच्याकडे येणार आहोत.

हे पुस्तक आलं तेव्हा ताऱ्यांमधल्या पोकळीत दोन अणूंचे एक-दोन साधे रेणू एवढेच माहीत होते. १९६८-६९मध्ये तिथे अमोनिया, पाणी, फॉर्माल्डिहाइड सापडलं. ढगात गुंतागुंतीचं रसायन असू शकतं, ही कल्पना पूर्ण हवेतली नव्हती.

पुढच्या पुस्तकांवर थोडक्यात बोलतो. १९६१ साली जॉन इलियट यांच्याबरोबर त्यांनी बीबीसी टीव्हीसाठी 'ए फॉर अँड्रोमेडा' ही मालिका लिहिली. अंतराळातून रेडिओ संदेश येतो, त्यात एक संगणक बांधायच्या सूचना असतात. संगणक बांधला की तो एक जिवंत मुलगी घडवतो. ती भूमिका केली ज्युली ख्रिस्ती यांनी, प्रसिद्ध होण्याआधी. परग्रहांवरचे रेडिओ संकेत ऐकायचा फ्रँक ड्रेक यांचा पहिला प्रयत्न आदल्याच वर्षीचा, १९६०चा. १९६६च्या 'ऑक्टोबर द फर्स्ट इज टू लेट'मध्ये पृथ्वीचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या काळात जातात: इंग्लंड १९६६मध्ये, युरोपात अजून पहिलं महायुद्ध, ग्रीसमध्ये प्राचीन काळ. मुलगा जेफ्री यांच्याबरोबरही त्यांनी बऱ्याच कादंबऱ्या लिहिल्या. पण पहिलीची उंची पुन्हा फारशी गाठता आली नाही.

आता अवघड भाग. १९६५ साली पेंझियस आणि विल्सन यांना मायक्रोवेव्ह पार्श्वभूमी प्रारण सापडलं आणि बहुतेक खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. हॉईल गेले नाहीत. १९७२मध्ये केंब्रिजमधल्या वादांना कंटाळून त्यांनी राजीनामा दिला. १९८३चं नोबेल मूलद्रव्यांच्या निर्मितीवरच्या कामासाठी फाउलर यांना मिळालं, चंद्रशेखर यांच्यासोबत. हॉईल यांना नाही. हा अन्याय झाला, असं त्यांचे विरोधकही म्हणतात.

याच काळात चंद्रा विक्रमसिंघे यांच्याबरोबर त्यांनी वेगळी वाट धरली. अंतराळातल्या धुळीत जीवाणू आहेत, जीवसृष्टीची बीजं धूमकेतूंमधून आली, इतकंच नाही तर फ्लूच्या साथीही वरून येतात. १९७९चं 'डिसीजेस फ्रॉम स्पेस' हे पुस्तक कादंबरी नाही. लंडनच्या संग्रहालयातला आर्किऑप्टेरिक्सचा जीवाश्म बनावट आहे असाही त्यांनी आरोप केला. संग्रहालयाने बारकाईने तपासून तो खोडून काढला.

कल्पना तीच: अंतराळातल्या ढगात जीव. १९५७मध्ये ती गोष्ट होती. प्रस्तावनेतच त्यांनी म्हटलं होतं की ही एक गंमत आहे, पण यात अशक्य असं फारसं नाही. वाचक ती मोकळ्या मनाने घेतो, कारण 'समजा असं असलं तर' एवढंच त्यात म्हटलेलं असतं. 'समजा' गळून पडलं की पुरावा द्यावा लागतो, आणि साथीच्या बाबतीत तो पुरेसा नव्हता. किंग्जलीच्या डोक्यात नवं मावलं नाही, कारण जुनं पक्कं बसलं होतं. तो प्रसंग लिहिणाऱ्या माणसाला तो स्वतःला लावून बघता आला नाही, असं मला वाटतं. अर्थात हे बोलायला सोपं आहे. कार्बनच्या वेळीही लोक हसलेच होते. आतून दोन्ही वेळा सारखंच वाटत असणार. फरक कळतो तो फक्त तपासल्यावर.

आता आपल्याकडे येऊ. जयंत नारळीकर १९५७ साली केंब्रिजला गेले, हॉईल यांचे विद्यार्थी झाले, १९६४मध्ये गुरू-शिष्यांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत जगभर गाजला. १९७२मध्ये ते मुंबईला टीआयएफआरमध्ये आले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली होती, नावामुळे बक्षीस मिळायला नको म्हणून. बक्षीस मिळालंच. 'वामन परत न आला'मध्ये जमिनीखाली सापडलेल्या पेटीतल्या ज्ञानातून यंत्रमानव घडतो. 'अँड्रोमेडा'शी असलेलं नातं ज्याला दिसायचं त्याला दिसतं.

पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. गुरूची अंतराळातल्या जीवाणूंची कल्पना होती, तिचं नारळीकरांनी काय केलं? २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून एक प्रचंड बलून सोडण्यात आला. इस्रोच्या पाठबळावरच्या या प्रयोगाचे प्रमुख नारळीकर होते. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळ्यांमध्ये गोळा केली. ती हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस या दोन संस्थांनी स्वतंत्रपणे तपासली. जीवाणूंच्या तीन नव्या प्रजाती मिळाल्या, अतिनील किरणांना दाद न देणाऱ्या. एकीचं नाव ठेवलं 'जॅनिबॅक्टर हॉयली', फ्रेड हॉईल यांच्या स्मरणार्थ. ते २००१ साली वारले होते.

आणि निष्कर्ष? हे जीवाणू बाहेरून आले असं यावरून सिद्ध होत नाही, असं २००९मध्ये निकाल जाहीर करतानाच स्पष्ट सांगितलं गेलं. गुरूचं नाव दिलं, पण गुरूचं म्हणणं सिद्ध झालं असं म्हटलं नाही. मला ही खरी गुरुदक्षिणा वाटते.

तेव्हा 'द ब्लॅक क्लाउड' जरूर वाचा. आणि तळटीपेतलं ते गणित स्वतः करून बघा.