उसाच्या फडात साखरेची उणीव

गेल्या हंगामात भवानीनगरजवळच्या एका फडावर सकाळी आमच्याबरोबर मंडळीतले एक काका आले होते. कोपीबाहेर एक मुलगा उसाचे कांडे चोखत बसला होता. "यांना साखरेला काय तोटा?" काका म्हणाले. आत त्याची दोन वर्षांची बहीण निपचित पडली होती. अंग गार, कपाळाला घाम.

काकांचा प्रश्न मनात राहिला, म्हणून हे लिहिते आहे.

उसाचे पान उन्हात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढलेले पाणी घेऊन साखर बनवते. ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचा एकेक रेणू जोडला की झाली आपली चहातली साखर. ग्लुकोजचेच असंख्य रेणू साखळीत ओवले की स्टार्च, म्हणजे ज्वारीचे पीठ. जोडणीची पद्धत जरा बदलली की सेल्युलोज, म्हणजे चिपाड आणि पाचट. माल एकच, पण ही दुसरी साखळी आपल्याला पचत नाही, म्हणून आपण चोथा थुंकतो. बैलाच्या पोटातले सूक्ष्मजीव ती तोडतात, म्हणून तो वाढ्यांवर गाडी ओढतो.

तोडलेल्या उसातली साखर पुन्हा फुटू लागते आणि कारखान्याचा उतारा घसरतो. मग घाई होते. सोमेश्वर असो, माळेगाव असो की छत्रपती, नंदुरबार-धुळ्याकडून आलेल्या आमच्या भिल्ल आया अंधारातच फडात जातात.

इकडे मुलाच्या अंगातही साखर उतरत असते. आपले शरीर ग्लुकोज साठवते त्याला ग्लायकोजेन म्हणतात. मोठ्या माणसाच्या यकृतात ते सुमारे १०० ग्रॅम असते. स्नायूंत त्याहून जास्त असते, पण स्नायू आपला साठा रक्ताला देत नाहीत. रात्रभर मेंदूला पुरवायचे ते यकृतानेच. लहान मुलाचे यकृत छोटे आणि मेंदू अंगाच्या मानाने मोठा. त्यात मूल कुपोषित असेल तर पहाटेपर्यंत कोठार रिकामे.

मूल गिळू शकत होते. साडेतीन मोठे चमचे पाण्यात एक शिगोशीग लहान चमचा साखर विरघळवून थोडी थोडी पाजली, गोधडीत गुंडाळले आणि दवाखाना गाठला. वाटेत तिने डोळे उघडले. (बेशुद्ध मुलाच्या तोंडात मात्र पाणी ओतू नये.)

साखर हे नुसते सरपण. ते भसकन जळते. भाकरीतला स्टार्च सावकाश फुटतो, जास्त वेळ पुरतो. आणि अंग भरायला डाळ, अंडे, तेल लागतेच, ते कोणत्याच कांड्यात नाही. म्हणून आम्ही आयांना सांगतो, रात्री मुलाला डाळ-भाकरी भरवूनच झोपवा, आणि निघताना भाकरी झाकून थोरलीला सांगून जा, उजाडताच धाकटीला कुस्करून दे म्हणून.

त्या मुलीच्या आईने ऐकून घेतले. म्हणाली, "ताई, थोरली आता माझ्याबरोबर मोळ्या बांधायला येते."