दगडांतील लांकडाचें गोत्र

ओतूरहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर डिंगोरे हें गांव आहे. तेथें विहीर खणावयास घेतली कीं काळा कातळ लागावयाचाच. दख्खनच्या पठारावर राहणाऱ्या आम्हां सर्वांची पायाभूमि हीच. हा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. त्याच्या पोकळ्यांतून शुभ्र गारगोट्या निघतात. मुलें त्या घरीं आणतात व वडील मंडळी त्या अंगणाबाहेर फेकावयास लावतात. फेकण्यापूर्वीं क्षणभर थांबावें अशी आमची विनंती आहे. ज्या सिलिकेची ही गारगोटी झाली, तिनेंच या पठाराच्या पूर्व कडेस, नागपूर व छिंदवाड्याच्या बाजूस, अख्ख्या झाडांचा दगड करून ठेविला आहे.

लाव्हाचे पूर एकामागून एक आले, परंतु दोन पुरांमध्यें कधीं कधीं दीर्घ काळ लोटे. तेवढ्यांत तळीं सांचत, कांठावर रान माजे, आणि पुढला पूर येऊन सर्व झांकून टाकी. सह्याद्रीकडे कातळाचे थर जाड, गाळाचे विरळा. तरी मुंबईस वरळीच्या टेकडींत अशा एका थरांत बेडकांचे सांगाडे मिळाले आहेत. पूर्वेकडे मात्र हा गाळ पुष्कळ ठिकाणीं सांपडतो. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांतील अवशेष प्रथम जगापुढें आणिले.

बुडालेल्या खोडांत सिलिकायुक्त पाणी शिरलें आणि लांकूड कुजून जाण्यापूर्वींच पेशीपेशींत सिलिका बसली. असा दगड करवतीनें कापून त्याची चकती कांचेस चिकटवितात व ती इतकी घांसतात कीं तिच्यांतून प्रकाश आरपार जावा. मग सूक्ष्मदर्शकाखालीं कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या झाडाच्या पेशी मोजतां येतात!

त्या वाचाव्या कशा, हें समजण्यास आपल्या घरचा सागवानी पाट पुरे. त्यावरील रेषा म्हणजे खोडाचीं वर्षवलयें. साल व लांकूड यांच्यामध्यें एक जिवंत पडदा असतो. तो दरवर्षीं आंतल्या अंगास नवें लांकूड घालतो. नारळीचा किंवा शिंदीचा ओंडका कापून पाहावा, तर वलय एकहि नाहीं. मऊ गाभ्यांत तंतूंचे ठिपके विखुरलेले दिसतात. यांतील पडदा नाहींसा असल्यामुळें ताडमाड वयाबरोबर आंब्यासारखे पुष्ट होत नाहींत. दगडाच्या चकतींत असे ठिपके दिसले कीं झाड ताडवर्गाचें. अशा खोडांस पाल्मॉक्झिलॉन हें नांव आहे.

पण नांव देणें सोपें, नातें सांगणें कठीण. एकाच माडाच्या खोडांत बुंध्याशीं ठिपक्यांची ठेवण एक, शेंड्याकडे दुसरी. कडेस दाटी, मध्यें विरळ. तेव्हां दोन तुकडे म्हणजे दोन जाती, कीं एकाच झाडाचे दोन भाग? पुणें विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक टी. एस. महाबळे यांनीं १९५८ च्या सुमारास याच प्रश्नास हात घातला. पाल्मॉक्झिलॉन हें कुल कृत्रिम आहे, त्याची उकल झाली पाहिजे, असें त्यांचें म्हणणें. कुलवृत्तान्त लिहूं पाहणाऱ्यांस ही अडचण नवी वाटणार नाहीं. एका कागदांत नुसतें नांव, दुसऱ्यांत आडनांव, आणि माणूस एकच!

या खोडांवर मोठा वादहि झाला. दख्खनचा लाव्हा खटिकयुगांतला, कीं त्यानंतरच्या तृतीयक काळांतला? लखनौचे प्रा. बीरबल साहनी यांनीं १९३४ मध्यें वनस्पतींची साक्ष काढून तृतीयक काळाची बाजू मांडिली. मोहगांव कलान येथें खाडीकांठीं वाढणाऱ्या निपा ताडाचीं फळें मिळालीं, तीहि या साक्षींत होतीं. (छिंदवाड्यास खाडी, ही कल्पनाच केवढी!) आजच्या मापनाप्रमाणें बहुतेक लाव्हा सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींचा, म्हणजे दोन्ही काळांच्या सांध्यावरचा ठरतो. दोन्ही पक्ष सत्याच्या उंबरठ्याच्या दोन बाजूंस उभे होते, असें आम्हांस वाटतें.

साहनींचें सर्वांत विलक्षण काम मात्र राजमहाल टेकड्यांतील निपानिया गांवच्या दगडांवर झालें. तीं झाडें आमच्या कातळाहूनहि बरींच जुनीं. त्या खोडांत एक गाभा नसून बहुधा पांच स्वतंत्र गाभे वर्तुळांत मांडलेले. प्रत्येकास आपापलें लांकूड, आणि तेंहि मध्याकडे अधिक जाड. म्हणून नांव पडलें पेंटॉक्झिलॉन, पांच लांकडांचें. पानांस व बीजफळांस निराळीं नांवें मिळालीं होतीं. हे सर्व एकाच वनस्पतीचे अवयव होत, असें जुळवून साहनींनीं १९४८ मध्यें एक नवा वर्गच स्थापिला. लांकूड देवदाराच्या वळणाचें, बीजफळें तुतीच्या फळासारखीं. एका घराण्यांत बसेल तर शपथ! पुढें १९६१ मध्यें म्यूज या डच शास्त्रज्ञानें त्याचें नातें आपल्या केवड्याशीं जोडूं पाहिलें; तें फारसें कोणास पटलें नाहीं. आजचे वंशवृक्षकार त्यास बेनेटाइटीस या लुप्त वर्गाजवळ, सपुष्प वनस्पतींच्या चुलत घराण्यांत बसवितात. पण जागा पक्की झालेली नाहीं. आमच्या मतें तसें राहणेंच बरें. घाईनें जुळविलेलें गोत्र पुढें निस्तरावें लागतें.

लखनौस पुरावनस्पतिशास्त्राची संस्था उभी राहावी म्हणून साहनींनीं आपलें ग्रंथालय व संग्रह दिला. निरनिराळ्या ठिकाणचे अश्मीभूत वनस्पतींचे तुकडे बसवून कोनशिलाहि त्यांनीं करविली. ३ एप्रिल १९४९ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें ती बसली आणि त्याच महिन्याच्या १० तारखेस साहनी वारले. इमारत पुरी करवून संस्था नांवारूपास आणण्याचें काम त्यांच्या पत्नी सावित्रीबाई यांनीं केलें.