राज्य बदलले की कायदा बदलतो

घर बदलणे ही गोष्ट आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. भांडीकुंडी बांधावयाची, मुलांचे शाळेचे दाखले काढावयाचे, रेशनकार्डावरचा पत्ता बदलून घ्यावयाचा आणि नव्या गावात चूल मांडावयाची. सामान तेच, माणसे तीच. बदलतो तो पत्ता. अमेरिकेत मात्र असे एक सामान आहे की, पत्ता बदलला म्हणजे त्याचे कायद्यातले स्वरूपच पालटते. ते सामान म्हणजे घरातली बंदूक. एका राज्यात जी निर्वेधपणे कपाटात ठेवता येते, तीच शेजारच्या राज्यात नेली तर तुरुंगाची वाट दाखवू शकते. हे असे का घडते आणि तेथे घर हलविणाऱ्याने काय जाणून घ्यावे, याचा विचार आज करावयाचा आहे. आपल्यापैकी कित्येकांची मुलेबाळे आज टेक्सास, न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्निया येथे स्थायिक झाली आहेत. तेव्हा हा विषय दूरदेशीचा असला तरी अगदीच परका नव्हे.

प्रथम मूळ रचना पाहू. आपल्या राज्यघटनेत शस्त्रे व दारूगोळा हा विषय केंद्राच्या सूचीत घातलेला आहे. त्यामुळे 1959 चा शस्त्र अधिनियम हा नागपुरास लागू आहे तसाच मद्रासलाही लागू आहे. अमेरिकेची गोष्ट निराळी. तेथे आधी राज्ये होती व त्यांनी एकत्र येऊन संघ निर्माण केला. प्रजेचे रक्षण, पोलीस, गुन्हे व शिक्षा ही खाती मुख्यतः राज्यांनी आपल्याच हाती ठेवली. 1791 साली घटनेला ज्या पहिल्या दहा दुरुस्त्या जोडल्या गेल्या, त्यांतील दुसरीने शस्त्र बाळगण्याचा लोकांचा हक्क मान्य केला. परंतु तो हक्क व्यक्तीचा की नागरी सेनेचा, हा वाद दोन शतके चालला. सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली वॉशिंग्टन शहरासंबंधीच्या हेलर खटल्यात तो व्यक्तीचा हक्क असल्याचा निर्णय दिला, तोही पाच विरुद्ध चार अशा बहुमताने. 2010 साली शिकागोच्या खटल्यात हा हक्क राज्यांवरही बंधनकारक आहे असे ठरले. मात्र त्याला मर्यादाच नाहीत, असे न्यायालयाने म्हटले नाही. त्या मर्यादांच्या आत प्रत्येक राज्य आपापला कायदा करते, आणि येथूनच घर हलविणाऱ्याची अडचण सुरू होते.

संघ सरकारचे कायदे नाहीत असे नव्हे. 1934 च्या कायद्याने मशीनगनसारख्या शस्त्रांवर कर व नोंदणी आली. 1968 च्या कायद्याने विक्रेत्यांना परवाने लागू झाले. 1993 च्या कायद्याने अधिकृत दुकानातून बंदूक घेणाऱ्याची पूर्वचौकशी आवश्यक केली. पण ही झाली सर्व देशाची किमान पातळी. तिच्यावर कोणी एक मजला चढविला, कोणी पाच.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एक गृहस्थ टेक्सासात राहतात. तेथे साधी बंदूक विकत घेण्यास राज्याचा परवाना लागत नाही आणि घेतलेल्या बंदुकीची राज्याकडे नोंदही करावी लागत नाही. 2021 पासून तर एकवीस वर्षे पुरी झालेला, कायद्याने अपात्र न ठरलेला मनुष्य परवान्यावाचून पिस्तूल कमरेला लावून हिंडू शकतो. या गृहस्थांपाशी एक पिस्तूल आहे. शिवाय सैनिकी धाटणीची एक रायफल असून तिच्या मॅगझिनमध्ये तीस काडतुसे मावतात. आता त्यांची बदली कॅलिफोर्नियात झाली. तेथे राहावयास आल्यापासून 60 दिवसांच्या आत त्यांनी पिस्तुलाची माहिती राज्याच्या न्यायखात्याला कळविली पाहिजे. दहाहून अधिक काडतुसांचे मॅगझिन राज्यात आणावयासच बंदी. आणि रायफल जर त्या राज्याच्या व्याख्येप्रमाणे ‘हल्ल्याचे शस्त्र’ ठरली, तर ती सामानात बांधून नेताच येत नाही. म्हणजे निघण्यापूर्वीच तिची विल्हेवाट लावणे प्राप्त आहे.

इतर राज्यांच्या तऱ्हा आणखी वेगळ्या. हवाईमध्ये पोहोचल्यापासून अवघ्या पाच दिवसांत नोंदणी करावी लागते. इलिनॉयमध्ये 1968 पासून बंदूकधारकाला राज्याचे ओळखपत्र लागते. त्याच्या अर्जासाठी नवागताला 60 दिवसांची मुदत आहे. न्यूयॉर्कमध्ये 1911 पासून पिस्तुलाला परवाना लागतो. तो हाती येण्यापूर्वी पिस्तूल नुसते घरात ठेवणे हाही गुन्हा, आणि परराज्यातून आलेल्यास सवलतीची मुदत नाही. परराज्याचा परवाना तेथे चालत नाही. एवढेच काय, त्याच राज्याच्या दुसऱ्या भागात मिळालेला सामान्य परवानाही न्यूयॉर्क शहरात पुरत नाही. शहराची वेगळी मंजुरी लागते. मोटार चालविण्याचा परवाना एका राज्याचा दुसऱ्यात चालतो, विवाह सर्वत्र मानला जातो. म्हणून बंदुकीचेही तसेच असेल अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. परंतु ती समजूत घातक आहे.

कोणी म्हणेल, वाटेत लागणाऱ्या राज्यांचे काय? त्यासाठी 1986 च्या संघीय कायद्यात ‘सुरक्षित प्रवासा’ची तरतूद आहे. बंदूक रिकामी असावी आणि ती व काडतुसे बसल्या जागेवरून हाती लागू नयेत. मोटारीला वेगळी डिकी नसेल, तर ती कुलूपबंद पेटीत असावी. एवढे पाळल्यास मधल्या राज्याचा कडक कायदा प्रवाशाला आडवा येत नाही. पण या संरक्षणाला एक अट आहे, आणि तिच्याकडेच लोकांचे दुर्लक्ष होते. जेथून निघालो तेथे आणि जेथे पोहोचावयाचे तेथे, अशा दोन्ही ठिकाणी ती बंदूक बाळगणे कायदेशीर असले पाहिजे. जेथे जावयाचे तेथेच ती निषिद्ध असेल, तर हे छत्र डोक्यावर राहत नाही.

हे छत्र किती तोकडे आहे, ते एका खटल्यावरून दिसते. 2005 साली यूटाहून पेन्सिल्व्हेनियाकडे निघालेल्या एका प्रवाशाचे पुढचे विमान न्यू जर्सीतील न्यूअर्क येथे चुकले. पिस्तूल रीतसर कुलूपबंद होते. पण सामान ताब्यात घेऊन त्याला रात्र हॉटेलात काढावी लागली. दुसऱ्या दिवशी विमानतळावर त्याने आपणहून पिस्तुलाची माहिती दिली आणि तेथेच त्याला अटक झाली. काही दिवस कोठडीत काढल्यावर आरोप मागे घेण्यात आले. त्याने नुकसानभरपाईचा दावा लावला, पण 2010 साली अपील न्यायालयाने तो मान्य केला नाही. रात्रभर बंदूक त्याच्या हाताशी होती, सबब संरक्षण लागू नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

दुसरी हकीकत तर घर बदलण्याचीच आहे. कोलोरॅडोत कायदेशीरपणे पिस्तुले घेतलेला एक तरुण न्यू जर्सीत आला. 2009 साली पोलिसांना त्याच्या मोटारीच्या डिकीत ती सापडली. एका घरातून दुसऱ्या घरी बिऱ्हाड नेताना बंदूक नेण्याची मुभा न्यू जर्सीच्या कायद्यात आहे. पण तो खरोखर बिऱ्हाड हलवीत होता की नाही, हाच वादाचा मुद्दा झाला. ज्यूरीने या सवलतीविषयी विचारणा करूनही न्यायाधीशांनी ती त्यांच्यापुढे ठेवली नाही. सात वर्षांची शिक्षा झाली. पुढे डिसेंबर 2010 मध्ये राज्यपालांनी ती कमी करून त्याची सुटका केली. म्हणजे सुटका झाली ती राज्यपालांच्या दयेने. कायद्यातली सवलत जागच्या जागी राहिली.

यावरून कडक कायदे करणारी राज्ये अन्यायी आहेत असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. जानेवारी 1989 मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथे शाळेच्या मैदानावर पाच मुले गोळीबारात मारली गेली. त्याच वर्षी त्या राज्याने ‘हल्ल्याच्या शस्त्रां’वर निर्बंध आणले. डिसेंबर 2012 मध्ये कनेक्टिकटमधील न्यूटाउन येथे वीस बालके व सहा मोठी माणसे शाळेत बळी पडली. पाठोपाठ न्यूयॉर्क व कनेक्टिकट यांनी आपले कायदे कडक केले. या कायद्यांच्या मागे अशा शोकाची आठवण आहे. उलट वायोमिंगसारख्या विरळ वस्तीच्या मुलुखात, जेथे पोलीस येईपर्यंत बराच वेळ जावा, तेथील शेतकऱ्याला बंदूक हे घरातले एक अवजार वाटते. दोघांचेही म्हणणे त्यांच्या त्यांच्या अनुभवातून आलेले आहे. समाजाला आपले नियम करू द्यावयाचे आणि नागरिकाचा हक्कही सर्वत्र सारखा राखावयाचा, ही दोन ओझी अमेरिकेच्या घटनेने एकाच खांद्यावर घेतली आहेत. त्यांचा तोल न्यायालये अजूनही शोधीत आहेत. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची, विशेष कारण दाखविल्यावाचून घराबाहेर पिस्तूल बाळगण्याचा परवाना न देण्याची पद्धत रद्द केली. 2024 साली मात्र, घरच्या माणसांना धोका ठरल्यामुळे न्यायालयाचा मनाई हुकूम असलेल्याला शस्त्र ठेवू न देणारा कायदा उचलून धरला. म्हणून गेल्या वर्षी मित्राने सांगितलेला नियम यंदा तसाच असेल असे धरून चालू नये.

तेव्हा व्यवहारात काय करावे? परदेशी नागरिकाने पहिला प्रश्न स्वतःसंबंधी विचारावा. नोकरी वा शिक्षणासाठी तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यास शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडता संघीय कायद्याने बंदूक बाळगताच येत नाही. ग्रीन कार्ड असलेल्यास मात्र ती मुभा आहे. ज्याच्यापाशी बंदूक आहे त्याने निघण्यापूर्वी प्रत्येक नगाची व प्रत्येक मॅगझिनची यादी करून ती नव्या राज्याच्या पोलीस किंवा न्यायखात्याच्या नियमांशी ताडून पाहावी, आणि शंका राहिल्यास तेथील वकिलाला विचारावे. जे चालणार नाही ते जुन्या राज्यातच अधिकृत विक्रेत्याला विकावे. दुसऱ्या राज्यातील भावाला किंवा मित्राला ते परस्पर देऊन टाकता येत नाही. तो व्यवहार परवानाधारक विक्रेत्यामार्फतच झाला पाहिजे. मशीनगन किंवा आखूड नळीची रायफल यांसारखी नोंदलेली शस्त्रे हलविण्यास संघ सरकारची पूर्वपरवानगी लागते. जेथे परवाना आधी हवा, तेथे आधी माणसाने जावे, मग परवाना मिळवावा आणि नंतर पिस्तूल न्यावे.

कायदा ठाऊक नव्हता ही सबब आपल्याकडे चालत नाही, तशी तिकडेही चालत नाही. हद्दीवर पाटी असते ती राज्याच्या नावाची. आत काय चालते आणि काय नाही, हे त्या पाटीवर लिहिलेले नसते. ते वाचण्याचे काम प्रवाशाचे आहे, आणि ते सामान बांधण्याच्या आधीच केलेले बरे.