फोनवरच्या सूचनेसाठी ऑडिओ फाइलचे रूपांतर

लोणावळ्यातील एखाद्या हॉटेलाने किंवा मावळातील पतसंस्थेने फोनवर ऐकवायची स्वागतसूचना मोबाइलवर उत्तम नोंदवली, तरी ती फाइल टेलिफोन यंत्रणेत जशीच्या तशी चालेलच असे नाही.

सीडीवर आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने घेतलेले असतात, तर पारंपरिक टेलिफोनमध्ये 8,000. त्यामुळे त्याच्या निम्म्या, म्हणजे 4,000 हर्ट्झच्या वरची कंपने वाहून नेता येत नाहीत, आणि रूपांतरापूर्वी ती गाळली नाहीत, तर खालच्या पट्ट्यात खोटा आवाज बनून उतरतात.

‘स’ आणि ‘श’ यांचा बराच अंश याच गाळलेल्या भागात असल्याने सोमाटणे, कामशेत ही नावे सावकाश उच्चारलेली बरी. (पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसाचा आवाज मात्र नंतर काढण्यापेक्षा मुळात टाळणेच शहाणपणाचे.)

टेलिफोनच्या आवाजासाठीचे जी.711 हे 1972 चे मानक प्रत्येक नमुना 8 बिटांत बसवताना हळू आवाजाला बारीक आणि मोठ्या आवाजाला जाड पायऱ्या देते. त्याचे ए-लॉ हे रूप भारत व युरोपात, तर म्यू-लॉ अमेरिका व जपानमध्ये चालते.

सॉक्स किंवा एफएफएमपेग या मोफत साधनांनी एकाच वाहिनीची, म्हणजे मोनो, 8,000 हर्ट्झची, 16 बिटांची वेव्ह फाइल तयार केल्यास ॲस्टरिस्कसारखी टेलिफोन यंत्रणा ती स्वीकारते.